हद्दीवरचा गोठा

हिराबाईच्या घरी म्हशी यायच्या ठरल्या, तेव्हा घरच्यांपेक्षा जास्त आनंद झाला तो शेजारच्या रखमीला. दोघी एकाच वर्षी लग्न होऊन या गावात आलेल्या. डोळखांबच्या पुढे डोंगराच्या पायथ्याशी वसलेलं हे गाव दोघींनाही सारखंच परकं होतं, त्यामुळे पहिल्या वर्षापासून दोघी एकमेकींना धरून राहिल्या. एकीच्या घरात कालवण उतू गेलं तर दुसरीला वासावरून कळायचं, इतकी घरं जवळ. मधे एक बोळ होता. बराचसा हिराबाईच्या घरचा, रखमीच्या भिंतीलगतचा पट्टा तेवढा त्यांचा. दोन्ही घरांच्या पागोळ्या त्यात गळायच्या, कोंबड्या त्यात उकरत बसायच्या, आणि रखमीचं बाजूचं दार त्यातच उघडायचं. त्या दारातून ती दिवसातून कितीदा तरी हिराबाईकडे यायची.

"म्हशी आल्या म्हंजी ताकाचा तोटा नाय गो आता," रखमी म्हणाली होती. "मला लोट्यानं देशील ना?"

"लोट्यानं कशाला, हंड्यानं ने," हिराबाई म्हणाली होती.

म्हशींचा विचार निघाला तो सुनिलमुळे. हिराबाईचा हा एकुलता एक मुलगा पडघ्याच्या बाजूला एका गोदामात माल चढवायचा. तिथे पाठीत उसण भरली ती कायमचीच. गोदामवाल्यांनी आठवडाभर वाट पाहिली आणि दुसरा माणूस घेतला. सुनिलची बायको माधुरी मुरबाडकडची. तिच्या माहेरी दुधाचा धंदा. तिच्या भावानंच सुचवलं, की दुधाचा टेम्पो तुमच्या फाट्यापर्यंत येतो, दोन म्हशी बांधा, घरबसल्या संसार चालेल. हिराबाईचा नवरा भिमा आधी नको म्हणाला, मग दिवसभर अंगणात पडून असलेल्या मुलाकडे बघून हो म्हणाला.

प्रश्न होता गोठ्याचा. घराच्या पुढे रस्ता, मागे एकदम चढ आणि खडक. दुसऱ्या अंगाला त्यांचंच अंगण, तिथे भात झोडायचं, वाळवायचं. राहिला तो बोळ.

सुनिल शहाणा. त्यानं ग्रामपंचायतीत जाऊन रीतसर विचारलं. ग्रामसेवक भाऊसाहेब जागा बघायला आले. तरुण माणूस होता, बोलायला मऊ. त्यांनी बोळात उभं राहून दोन्ही भिंती पाहिल्या, रखमीच्या भिंतीवर हाताची थाप मारून पाहिली.

"ही कच्च्या विटांची ना?"

"हां. धाकलूच्या बापानं बांधलेली," भिमा म्हणाला. धाकलू म्हणजे रखमीचा नवरा.

"मग इथं हद्दीला चिकटून गोठा बांधता येणार नाही, काका. हद्दीपासून पाच फूट तरी सोडा. पत्र्याचं पाणी आपल्याच जागेत पडलं पाहिजे, शेजाऱ्याच्या भिंतीवर नाही. शेणामुताची नालीही आपल्याच बाजूनं काढायची. तसा नकाशा काढून द्या, मी परवानगीला घेतो."

"पाच फूट सोडलं तर म्हस कुठं बांधू? माझ्या डोक्यावर?"

"एकच बांधा तिथं."

"एका म्हशीच्या दुधासाठी टेम्पोवाला थांबंल काय?"

भाऊसाहेबांनी खांदे उडवले. नियम त्यांनी केला नव्हता. ते गेल्यावर भिमा ओट्यावर बसून बराच वेळ बडबडत राहिला. "माझ्या आज्यानं ह्ये घर बांधलं तवा कोणच्या सायबाला इचारलं व्हतं? आपल्याच जागंत आपुन चोर झालो काय?" गावचा सरपंच भगीरथ हा त्याचा चुलतभाऊ. संध्याकाळी तो आला, चहा प्याला आणि म्हणाला, "बांध रे. गावात कोणाचा गोठा नकाशा काढून बांधलाय? मी हाय ना."

झालं. विटा आल्या, वाळू आली. हद्दीचा जुना दगड होता, त्याला लागूनच गवंड्यानं दोरी मारली. भिंत उभी राहिली तेव्हा बोळाची नुसती फट उरली. माणूस अंग तिरकं करून कसाबसा शिरला असता एवढीच. पत्रे चढवायच्या दिवशी गवंड्यानं शिडीवरून हाक मारली, "उतार कोणच्या अंगाला काढू? तुमच्या का पलीकडं?"

भिमानं हिराबाईकडे पाहिलं. हिराबाई तेव्हा अंगणात पोह्यांचं भात वाळवत होती. तिनं वर पाहिलं, मग अंगणाकडे पाहिलं. पत्र्याचं सगळं पाणी या बाजूला आलं तर अंगणाचा चिखल होणार, ओट्यापर्यंत ओल येणार.

"इकडं नको बाई," ती म्हणाली. "अंगणात पाणी साचलं तर वावरायचं कुठं? तिकडं फटीत पडूं दे. जाईल वाहून."

उतार पलीकडे निघाला.

धाकलू भांडखोर नव्हता. कमी बोलणारा, आपलं शेत आणि आपण असा माणूस. पण पत्रे चढलेले पाहून तो भिमाकडे आला आणि उभ्या उभ्याच म्हणाला, "भिमादादा, पाणी माज्या भिंतीवर येनार."

"पन्हळ लावनार हाय. तुज्या भिंतीला टिपूस लागायचा नाय."

"लावा म्हंजी झालं."

पन्हळ लागली नाही. म्हशी आल्या, त्यांचा चारा, पेंड, डॉक्टर, यात उन्हाळा गेला. मे महिन्यात वळवाची एक सर आली, ती अर्ध्या तासाचीच, पण सगळं पाणी धारेनं त्या फटीत कोसळलं आणि रखमीच्या भिंतीला गुडघाभर चिखलाचे शिंतोडे उडाले. दुसऱ्या दिवशी धाकलूनं ग्रामपंचायतीत अर्ज दिला. त्याची मुलगी वैष्णवी शहापूरला कॉलेजात जायची, तिनं तो चांगल्या अक्षरात लिहून दिला होता.

भाऊसाहेब पुन्हा आले. या वेळी मऊ बोलले नाहीत. "मी सांगून गेलो होतो ना काका? हे बांधकाम विनापरवाना आहे. पन्हळ तरी आत्ताच्या आत्ता लावा, आणि उतार फिरवून घ्या. मी नोटीस काढतो." सरपंच भगीरथ सोबत होता. तो मधे पडला. "भाऊसाहेब, पावसाळा तोंडावर आलाय. आता पत्रे उतरवले तर जनावरं कुठं जातील? दिवाळीनंतर बघू. माझा शब्द." भाऊसाहेबांकडे आणखी दोन गावांचा कारभार होता. नोटीस कुठे राहिली ते कुणाला कळलं नाही.

भिमाला मात्र अर्ज फार लागला. "घरात येऊन सांगायचं सोडून कागद करतो? बरं झालं, आता बगतोच." त्या दिवसापासून दोघा पुरुषांचं बोलणं बंद झालं. धाकलूनं बाजूचं दार आतून लाकडी आडणा घालून बंद केलं, कारण दार उघडलं की फटीतली शेणाची घाण घरात यायची. पुढे त्यानं दाराशी भाताच्या कणग्याच ठेवल्या.

बायकांचं बोलणं बंद झालं नाही, पण पहिल्यासारखंही राहिलं नाही. हिराबाईनं एकदा तांब्याभर दूध पाठवलं. धाकलूनं ते तसंच परत पाठवलं. नंतर रखमी शेतात भेटली तेव्हा म्हणाली, "वाईट वाटून घिऊ नको गो. त्यांचा सभावच तसा. मी असती तर ठेवलं असतं."

लावणीच्या दिवसांत दोघींची आवणं, म्हणजे लावणीची खाचरं, शेजारी शेजारी होती. वाकून रोपं लावता लावता बोलणं व्हायचं. एकदा रखमी कंबर धरून उभी राहिली आणि म्हणाली, "हिरा, भिंत फुगलीय."

"कोणची?"

"तुमच्या अंगाची. हात लावला तर थंडगार लागते. खालची माती बोटानं निगते. मी प्लास्टिक लावलंय आतून, पण पानी बाहेरनं मुरतं ना."

हिराबाईनं हातातली रोपं खाली ठेवली. "आज सांगते सुन्याला. पन्हळ आणंल."

"आठवणीनं सांग गो. मी त्यांना नाय सांगितलं अजून. सांगितलं तर ते पुन्हा कागद करतील, मग तुजा मालक चिडंल. नको ते."

हिराबाईनं त्या संध्याकाळी खरंच सांगितलं. सुनिल डोळखांबहून पत्र्याची पन्हळ घेऊनही आला. पण त्याला शिडीवर नीट चढवेना, पाठीत कळ आली. भिमानं ती तारेनं बांधली, घाईघाईत, भुरभुर पावसात. दोनच दिवसांनी वादळी वारं सुटलं आणि पन्हळीचा मधला तुकडा सुटून लोंबायला लागला. आधी पाणी पत्र्याच्या पूर्ण लांबीवर विभागून पडायचं, आता सगळं पन्हळीतून वाहत येऊन एकाच जागी, रखमीच्या चुलीमागे, धबाधबा पडायला लागलं.

"अवो, ती पन्हळ तेवढी बगा," हिराबाई म्हणाली.

"लावणी उरकूं दे," भिमा म्हणाला. "दोन हात हायेत मला. चार नायत."

दुसऱ्यांदा सांगायला गेली तर तो ओरडला. तिसऱ्यांदा ती बोललीच नाही. माधुरी स्वतः चढायला निघाली होती, पण तिला दिवस गेलेले, हिराबाईनंच तिला शिडीवरून खाली ओढलं.

मग झड लागली. श्रावणातली, पण उन्हाचा एक कवडसा नसलेली. डोंगर दिसेनासा झाला. पाऊस रात्र म्हणाला नाही, दिवस म्हणाला नाही. अंगणात पाणी साचलं नाही ते फक्त भिमाच्या, कारण पत्र्याचं पाणी सगळं पलीकडे जात होतं.

त्या दिवशी दुपारी हिराबाई गोठ्यात शेण भरत होती. भिमा ओट्यावर दोर वळत बसला होता. सुनिल टेम्पोवाल्याला गाठायला फाट्यावर गेलेला. धाकलू शेतावर बांध फुटलाय म्हणून फावडं घेऊन गेल्याचं तिनं पाहिलं होतं. वैष्णवी कॉलेजात. पलीकडून रखमीच्या भाकरी थापायचा आवाज येत होता. भिंत एवढी जवळ, की तवा सरकवलेलाही ऐकू यायचा.

आधी म्हशी बिथरल्या. दोघींनी एकदम माना वर केल्या आणि दावं ओढायला लागल्या. हिराबाई त्यांना "हो, हो" म्हणतेय तोच पलीकडे काहीतरी दणकन बसलं. फार मोठा आवाज नव्हता. ओलं पोतं खाली टाकावं तसा. त्याच्यामागून वासे मोडल्याचा आणि कौलं सरकल्याचा आवाज आला. भाकरी थापायचा आवाज आता येत नव्हता.

"रखमे!" हिराबाईनं भिंतीला तोंड लावून हाक मारली. "रखमे गो!"

आतून कण्हणं आलं. शब्द नव्हता.

ती धावत पुढे आली. भिमा उठून उभा होता. दोघं रखमीच्या पुढच्या दाराशी गेले, पण आढं तिरकं होऊन चौकटीवर टेकलं होतं, दार दोन बोटांपलीकडे उघडेना. जोर लावला की वरून कौलं घसरायची. आजूबाजूचे चार-पाच जण गोळा झाले. कुणी म्हणे छपरावर चढा, कुणी म्हणे चढाल तर सगळंच खाली येईल. बाजूचं दार होतं, पण ते त्या फटीत. फटीत आता गळ्याएवढी माती आणि कच्च्या विटांचा राडा भरला होता, आणि त्यातून पन्हळीचं पाणी वाहत होतं.

"गोठ्याची भिंत फोडा," हिराबाई म्हणाली. "तिकडनं सरळ चुलीपाशी निगंल."

भिमा जागेवरच उभा राहिला.

तो किती वेळ उभा राहिला असेल? नंतर लोक म्हणाले, लगेच पहार आणली. पण हिराबाई त्याच्या तोंडाकडे बघत होती. त्याची नजर भिंतीवरून पत्र्याकडे गेली, पत्र्यावरून म्हशींकडे. काय फोडायचं आणि काय वाचवायचं याचा हिशेब त्याच्या चेहऱ्यावर एक क्षण येऊन गेला. तेवढ्यात हिराबाईनं स्वतःच कोपऱ्यातली पहार उचलली आणि भिंतीत घातली. मग भिमा पुढे झाला. तिच्या हातून पहार घेतली आणि वेड्यासारखा घाव घालत सुटला.

सिमेंटची भिंत होती, भिमानंच गवंड्याला माल कमी घालू दिला नव्हता. फुटायला वेळ लागला. भगदाड पडल्यावर माणसं मातीवर तुटून पडली. हिराबाई हातानं माती ओढत होती. नखं निघाली ते तिला संध्याकाळी कळलं. आधी रखमीचा हात दिसला, पिठानं भरलेला. मग खांदा. तोंडावर परात उलटी पडली होती, त्यामुळे तोंडात माती गेली नव्हती. ती शुद्धीवर होती. कमरेपासून खालचं सगळं आढ्याखाली होतं.

"पानी आलं गो," ती म्हणाली. "एकदम पानी आलं."

"बोलू नको. काडतो आमी तुला."

धाकलूला कुणीतरी बोलावून आणलं होतं. तो चिखलानं भरलेला धावत आला आणि बायकोजवळ गुडघ्यांवर बसला, पण त्याला काय करावं ते कळेना. तो तिच्या अंगावरची माती हळूहळू पुसत राहिला, जणू तेवढीच ती अडकली होती. रुग्णवाहिकेला फोन लागला, पण ती घाटापलीकडून यायची होती आणि तिकडे दरड आली होती, गाडीला वेळ लागणार होता. माणसांनी वासे लावून आढं उचललं, रखमीला बाहेर ओढलं आणि शेवटी भगीरथ सरपंचाची जीप काढली. तिला दाराच्या फळीवर झोपवून मागे ठेवलं. हिराबाई चढायला गेली, तर धाकलूनं तिच्याकडे पाहिलंही नाही, पण हात आडवा केला.

शहापूरच्या सरकारी दवाखान्यात पोचायच्या आधीच रखमी गेली. वैष्णवी कॉलेजातून तिथे परस्पर आली होती. जीपचं मागचं दार उघडलं तेव्हा तीच पुढे होती, असं जीप चालवणाऱ्यानं नंतर सांगितलं.

पंचनाम्याला तलाठी आला, सोबत पोलीस आणि भाऊसाहेब. पाऊस उघडला होता. पडलेल्या घरासमोर गाव जमा झालं. धाकलू एका दगडावर बसला होता, डोक्यावर टॉवेल. वैष्णवी त्याच्यामागे उभी.

तलाठ्यानं कागद काढायच्या आधी भगीरथनं धाकलूला बाजूला घेतलं. फार बाजूला नाही, हिराबाईला सगळं ऐकू येत होतं.

"बघ धाकलू, गेलेलं माणूस परत यायचं नाय. अतिवृष्टीनं घर पडलं असं लागलं, तर सरकारची मदत मिळंल. घरकुलाची फाइल मी स्वतः फिरवीन. आणि गोठ्यानं पडलं म्हणालास, तर ती शेजाऱ्याची भांडणं होतात. केस, कोर्ट, शहापूरला खेटे. तोवर पोरीला घेऊन राहशील कुठं?"

"आमचा अर्ज होता," वैष्णवी मोठ्यानं म्हणाली. "उन्हाळ्यातच दिला होता. भाऊसाहेबांना विचारा."

सगळ्यांची तोंडं भाऊसाहेबांकडे वळली. त्यांनी घसा साफ केला. "अर्ज होता," ते हळू आवाजात म्हणाले. मग ते सरपंचाकडे बघत राहिले.

तलाठ्यानं कंटाळून विचारलं, "शेजारी कोण? भिंतीत पाणी कुठून मुरलं?"

"वरनं, सायेब," भिमा म्हणाला. "पाऊस काय थोडा व्हता?"

हिराबाई बायकांच्या घोळक्यात होती. तिच्या बोटांना माधुरीनं फडकी बांधली होती. ती पुढे आली कशी ते तिलाही कळलं नाही.

"आमच्या पत्र्याचं पानी," ती म्हणाली. "उतार तिकडं काडलाय. पन्हळ तुटली व्हती. रखमीनं मला सांगितलं व्हतं भिंत फुगलीय म्हनून. मी सांगते, लिवा."

भिमाचा चेहरा काळाठिक्कर पडला. पोलिसानं पेन उघडलं. भगीरथ काही बोलणार, तेवढ्यात धाकलू दगडावरून उठला.

"लिवू नका ते," तो तलाठ्याला म्हणाला. "पावसानं पडली. तसंच लिवा."

"बाबा!" वैष्णवी ओरडली.

"गप बस. तुला डोक्यावर छप्पर पाहिजे का नको?" मग तो हिराबाईकडे वळला. बायको गेल्यापासून तो तिच्याशी पहिल्यांदाच बोलत होता. आवाज चढलेला नव्हता. "वैनी, तुमचं खरं आज माज्या काय कामाचं? ती जित्ती व्हती तवा बोलला असता, तुमच्या घरात, तुमच्या मालकाला, तर उपेग व्हता. आज तुमाला हलकं वाटावं म्हनून मी पोरीचं छप्पर घालवूं?"

तलाठ्यानं लिहिलं, धाकलूनं अंगठ्याला शाई लावली, भिमानं पंच म्हणून सही केली. ज्या माणसाच्या पत्र्यानं भिंत पाडली, तोच भिंत पावसानं पडल्याचा साक्षीदार झाला, आणि तिथे कुणालाच त्यात काही वावगं वाटलं नाही. वाटलं असेल तर कुणी बोललं नाही.

घरी आल्यावर भिमा तिला मारील असं माधुरीला वाटलं होतं. त्यानं हात लावला नाही. दिवेलागणीला तो एवढंच म्हणाला, "मला फाशी द्यायला निगाली व्हतीस."

"नाय," हिराबाई म्हणाली. "उतार तिकडं काडा असं मीच बोलली व्हती. माजंही नाव आलं असतं त्यात."

त्यानंतर त्या घरात कामापुरतंच बोलणं उरलं. दूध काढायला हिराबाई गोठ्यात जाईना. माधुरी अवघडलेली, सुनिलला वाकवत नव्हतं. भगदाडाला भिमानं ताडपत्री लावली होती, ती वाऱ्यानं फडफडली की म्हशी पान्हा चोरायच्या. टेम्पोवाल्याला द्यायला कधी दूध असायचं, कधी नाही. पौषात म्हसा गावची गुरांची जत्रा भरली तेव्हा भिमा कुणाला न सांगता दोन्ही म्हशी घेऊन गेला आणि रिकामा परत आला. परत आणलेली दावी त्यानं खुंटीला टांगली आणि जेवायला बसला.

म्हशी गेल्यावर हिराबाईनं सुनिलला शिडी धरायला लावली आणि पत्रे उतरवायला सुरुवात केली. भिमा ओट्यावरून बघत होता. "आता पाडून कोण जित्तं होनार हाय?" तो म्हणाला. ती काम करत राहिली. तिसऱ्या पत्र्याला तो उठला आणि पलीकडचे नट सोडायला लागला. दोघांनी मिळून गोठा जमिनीला लावला. विटा मात्र त्यांनी कुठे वापरल्या नाहीत, मागे खडकाशी रचून ठेवल्या.

धाकलूचं घरकुल मंजूर झालं. भगीरथनं तेवढा शब्द पाळला. आखणीच्या दिवशी भाऊसाहेब आले, आणि या वेळी त्यांनी टेप स्वतः धरला. हद्दीचा जुना दगड शोधून त्यांनी तिथून आत पाच फूट मोजले आणि फक्कीची रेघ मारली. धाकलूची जागा आधीच अरुंद. पाच फूट सोडल्यावर एक खोली आणि चूल मांडायला कोपरा, एवढंच उरत होतं.

"मला सोडायलाच पायजे काय?" धाकलूनं विचारलं. त्याच्या आवाजात भांडण नव्हतं. खरंच माहीत नसल्यासारखं त्यानं विचारलं.

भाऊसाहेबांना त्याच्याकडे बघवेना. "नियम आहे, काका," ते खाली रेघेकडे बघत म्हणाले.

"बरं," धाकलू म्हणाला.

हिराबाई हे आपल्या अंगणातून ऐकत होती. ती पुढे आली. "भावजी, आमच्या अंगाची जागा घ्या. आमी लिवून देतो. तुमाला मोठी खोली व्हईल." मागे भिमा उभा होता. तो नाही म्हणाला नाही.

धाकलूनं गवंड्याला दोरी रेघेवर बांधायला सांगितली आणि कामाला लागला.

घर झालं. सिमेंटचं, वर स्लॅब. हिराबाईच्या बाजूला त्यानं दार ठेवलं नाही, खिडकीही ठेवली नाही. गवंडी म्हणाला, हवा येणार नाही, उन्हाळ्यात भाजून निघाल. धाकलू म्हणाला, निघू दे. वैष्णवीनं कॉलेज सोडलं. बाप शेतावर असला की घर, जनावर, पाणी, सगळं तिच्याच अंगावर आलं. माधुरीला मुलगी झाली तेव्हा गावातल्या बायका बाळ बघायला आल्या, ती आली नाही, आणि कुणी तिला बोलवायलाही धजलं नाही.

मार्चमध्ये गावाच्या पाण्याची वरची टाकी आटली तेव्हा सगळ्यांनाच नदीकडच्या विहिरीवर जावं लागलं. एका दुपारी हिराबाई तिथे गेली तर वैष्णवी एकटीच होती. तिनं हंडा भरून काठावर ठेवला होता आणि वर कळशी. डोक्यावर घ्यायला दुसऱ्या कुणाचा तरी हात लागणार होता. ती रस्त्याकडे बघत उभी होती. रस्त्यावर कुणी नव्हतं.

हिराबाई आपलं भांडं खाली ठेवून दोन पावलं पुढे गेली. "आन इकडं. लावते हात."

वैष्णवीनं तिच्याकडे पाहिलं. तिच्या तोंडावर राग नव्हता, त्यामुळेच हिराबाईला जास्त आशा वाटली. चेहरा रखमीचाच होता, विशेषतः कपाळ. क्षणभर पोरीनं चुंबळ डोक्यावर ठेवलीही. मग तिची नजर हिराबाईच्या बोटांवर गेली, जिथे नखं वाकडी, जाड उगवून आली होती. तिनं चुंबळ परत काढली.

"नको काकी," ती म्हणाली.

तिनं कळशी खाली उतरवली. हंडा कलता करून अर्धं पाणी विहिरीच्या कट्ट्यावर ओतून दिलं. मग तो हलका झालेला हंडा एकटीनंच गुडघ्यावर घेतला, गुडघ्यावरून खांद्यावर, आणि कळशी हातात धरून उन्हात चालू लागली. हिराबाई ती वळणापलीकडे जाईपर्यंत बघत राहिली, मग तिनं आपला पोहरा विहिरीत सोडला.